खिडकीकडे कललेल्या माना

त्या गावात गाडी कोण कुणाकडे शिकलं, हे विचारायची गरजच नसे. चौकात उभं राहायचं आणि चालवणाऱ्याची मान बघायची. मान सरळ असली तर समजावं, हा बाहेरचा, नाहीतर बापाच्या गाडीवर चोरून हात साफ केलेला. पण मान खिडकीकडे कललेली, एक कान जवळजवळ रस्त्यावर, नाक वाऱ्याला लावलेलं आणि चेहऱ्यावर कठीण पेपर सोडवतानाचा भाव, असं दिसलं की तो मास्तरांचा शिष्य. डॉक्टर तसे, बेकरीवाला तसा, पोस्टातली मुलगीही तशीच. शववाहिका चालवणारा गृहस्थसुद्धा मास्तरांच्याच हाताखालचा. त्याची ती कललेली मान बघून लोक हळहळत, "किती मनाला लावून घेतो बिचारा!"

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. शिडशिडीत अंगाचे, इस्त्रीचा शर्ट घालणारे, आवाज कधी न चढवणारे. या मानांचा त्यांना कोण अभिमान! "गाडी डोळ्यांनी चालवतात ती अर्धीच. उरलेली कानांनी चालवायची," असं ते सांगत. शिष्य इंजिनाचा आवाज ऐकायला मान कलवतात, असा त्यांचा अगदी प्रामाणिक समज होता. बाजाराकडच्या नव्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्यानेही आपल्याकडच्या लोकांना मुद्दाम मान कलवायला शिकवायला सुरुवात केली. मास्तर हसून म्हणाले, "करू दे नक्कल. अस्सल ते अस्सलच."

खरं कारण निराळंच होतं, आणि ते मास्तर आणि हा नवा स्कूलवाला सोडून अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मास्तरांच्या तोंडाला वास येई. सकाळी उठल्यावर तुमच्या-आमच्या तोंडाला येतो तसला किरकोळ नव्हे. बंद गाडीत मास्तरांनी नुसतं "क्लच" म्हटलं तरी शिकणाऱ्याचे डोळे चुरचुरत. "हळू, हळू, हळू" असं लागोपाठ म्हणाले, की तो जो खिडकीबाहेर जाई तो पुढच्या वळणालाच आत येई. मास्तरांचे शिष्य फार लवकर शिकतात, अशी त्यांची ख्याती होती. लवकर न शिकून सांगतात कुणाला!

मग कुणी बोललं का नाही? अहो, माणूस तसा होता म्हणून. एका नवख्याने गाडी सरळ शाळेच्या भिंतीवर घातली, तेव्हा मास्तरांनी उतरून भिंत न्याहाळली आणि म्हणाले, "ही भिंत मलाही कधी आवडली नव्हती." रडवेल्या माणसाला पुन्हा स्टिअरिंगवर बसवून त्यांनी त्यालाच गाडी घरी न्यायला लावली. अशा माणसाला जाऊन म्हणायचं काय, मास्तर, तोंड जरा तिकडे करा? कुणाची जीभच रेटली नाही. सगळ्यांनी आपापली मान कलवली आणि प्रश्न मिटवला.

घरी तरी कळायला हवं होतं. पण मास्तरांच्या बायकोचं नाक तरुणपणीच्या एका जबर तापात कामातून गेलं होतं. नाक जागच्या जागी होतं, चांगलं धारदार होतं, फक्त वास घेत नव्हतं. त्यामुळे त्या घराचं नाक म्हणजे मास्तर. दूध करपलं, गॅस सुटला, कपाटामागे उंदीर मेला, सगळं आधी मास्तरांना कळे. "अगं, काहीतरी जळतंय," असं ते अंगणातून ओरडत आणि बायको चुलीकडे धावे. इतकं तिखट नाक, पण त्याच्या खाली बोटभर अंतरावर काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता.

अशात मोठ्या बाई गाडी शिकायला आल्या.

मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. नुकत्याच निवृत्त झालेल्या. पलीकडच्या गावातल्या बहिणीला भेटायला जाताना बसची वाट बघत उभं राहणं यापुढे बंद, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. पहिल्या दिवशी मास्तरांनी त्यांना आपली फेरी दाखवली. ही फेरी गावात प्रसिद्ध होती. गाडी सुरू करण्याआधी मास्तर तिच्याभोवती हळूहळू चालत. चाकांना बुटाचं टोक लावत, तेलाची पट्टी काढून पुसून पुन्हा बुडवून बघत, पाणी बघत, आरसे पुसत, दिवे लावून मागे जाऊन पाहत. ऊन असो, पाऊस असो, घाई असो, फेरी चुकायची नाही. बाई खूश झाल्या. त्यांना शिस्त दिसली की भूक लागल्यासारखं होई.

मग त्या गाडीत बसल्या. मास्तर शेजारी बसले आणि बोलू लागले.

बाईंनी मान कलवली नाही. आयुष्यभर प्रार्थनेला ताठ उभ्या राहिलेल्या बाई त्या, मान कलवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. थोडं अंतर गाडी डुगडुगत गेली आणि त्या म्हणाल्या, "मास्तर, मी गाडी बाजूला घेते."

"इथे नाही, बाई. वळण आहे."

"मग वळणापुढे घेते. पण घेते."

वळणापुढे त्यांनी गाडी बाजूला घेतली. इंडिकेटर दिला, हँडब्रेक ओढला, गिअर काढला, इंजिन बंद केलं. पहिल्याच दिवशी इतकं नीट थांबणारं कुणी मास्तरांनी पाहिलं नव्हतं. ते कौतुक करणार, तोच बाई समोरच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या तोंडाला वास येतो. फार येतो. आणि आजचा नाही तो, कारण गावातल्या सगळ्या माना वाकड्या झाल्यात."

 मास्तरांच्या डोळ्यांसमोरून एकेक मान जायला लागली. डॉक्टरांची, बेकरीवाल्याची, पोस्टातल्या मुलीची. ज्या मानांवर ते इतकी वर्षं मिरवत होते त्या सगळ्या.

"शववाहिकावाल्याचीसुद्धा?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्याचीसुद्धा."

मास्तर दार उघडून उतरले आणि चालू लागले. शिकाऊ माणसाला गाडीत एकटं सोडायचं नाही, हा त्यांचा स्वतःचाच नियम. तो आयुष्यात पहिल्यांदा मोडला. बाईंनी गाडी कुलूप लावून तिथेच ठेवली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

घरी गेल्यावर मास्तरांनी बायकोला समोर बसवलं आणि तोंडावर हात धरून विचारलं, "अगं, माझ्या तोंडाला वास येतो का?"

"मला काय विचारताय? काल दूध उतू गेलं ते मला तुम्ही सांगितलंत." मग त्यांचा चेहरा बघून ती चपापली. "कोण म्हणालं?"

"मोठ्या बाई."

"मग येत असणार," बायको म्हणाली. जरा वेळाने तिचे डोळे भरून आले. "अहो, माझं नाक चालत असतं ना, तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं हो तुम्हाला."

"माहीत आहे."

"आणि तिसऱ्या दिवशी दोन वेळा."

मास्तर हसले, पण तोंडावरचा हात काढून नाही. त्यानंतर ते दारातच जाईनात. शिकायला आलेल्यांना बायको सांगे, मास्तरांना बरं नाही. गाडी वळणापुढे धूळ खात उभी. तिला कुणी फेरी मारेना. "कुणाला तरी विकून टाकू," मास्तर म्हणाले. "बंद डब्यात माणसाला शेजारी घेऊन बसायचा धंदा आहे हा. मला तो जमण्यासारखा नाही."

किल्ली मात्र बाईंकडे होती, आणि बाई ती परत करायला म्हणून एका सकाळी आल्या त्या थेट आतल्या खोलीत.

"उठा. मी आयुष्यभर पोरींना नखं दाखवा म्हणत आले. एकही पोर त्याने मेली नाही."

"बाई, तुम्हाला कळायचं नाही ते."

"मला एवढंच कळतं, की गाडी सुरू करण्याआधी तुम्ही तिच्याभोवती फेरी मारता. चाकं, तेल, पाणी, आरसे, रोजच्या रोज. स्वतःच्या तोंडाभोवती शेवटची फेरी कधी मारली होतीत?"

 बायकोने मागून मास्तरांचे बूट आणून ठेवले. दोन बायकांनी मिळून एखाद्याला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं, की त्या माणसाच्या हातात काही उरत नाही.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरीणबाई गाडी लावत होत्या. मान कललेली. मास्तर जागीच थांबले.

"तुम्हीपण?"

डॉक्टरीणबाई कानापर्यंत लाल झाल्या. "मास्तर, तेव्हा मी डॉक्टर झाले नव्हते ना!"

खुर्चीत आडवं करून त्यांनी मास्तरांचं तोंड असं तपासलं, की मास्तरांना गॅरेजमध्ये उघडलेल्या बॉनेटची आठवण झाली. जिभेच्या मागच्या बाजूला पांढरा थर साचला होता. मागच्या दातांशी हिरड्या सुटून खाचा पडल्या होत्या, त्यात अन्न अडकून राही. वरची छोटी कवळी मास्तर रात्रीसुद्धा काढत नव्हते. आणि तोंड तर सुक्या विहिरीसारखं. का, तर मास्तर दिवसभर पाणीच पीत नसत. एक शिष्य उतरला की दुसरा तयार, मग लघवीला कुठे जायचं, म्हणून पाणीच नको! दुपारचं जेवणही असंच कुठेतरी हरवे.

"मी पेपरमिंट खातो," मास्तर खुर्चीतूनच म्हणाले. "नेहमी खातो."

"कचऱ्याच्या डब्यावर अत्तर शिंपडल्यासारखं आहे ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली. "हिरड्या मी साफ करते. बाकीचं तुमच्या हातात आहे. एकदा औषध घेतलं आणि गेलं, असलं हे दुखणं नाही. हे रोज राखावं लागेल, कायमचं. एक दिवस सोडलात की परत येईल."

दुसरा कुणी असता तर 'कायमचं' ऐकून खचला असता. मास्तर उठून बसले. कायमचं, रोज, न चुकता: या तीन गोष्टी त्यांना जन्मापासून येत होत्या.

आणि मग त्या माणसाने जे केलं, त्याला तोड नाही. टिंगल करायची ज्यांना सवय, त्यांनीही इथे टोपी काढावी.

सकाळी उठल्याबरोबर मास्तर आरशासमोर उभे राहत आणि तोंडाची फेरी सुरू करत. आधी दात, घाई न करता, हिरडीच्या कडेकडेने. मग दातांच्या फटींतून दोरा. पहिल्यांदा त्या दोऱ्याने असा गुंता केला, की बायकोला कात्री घेऊन यावं लागलं. पण बोटं क्लचच्या तारा ओवलेली होती, हळूहळू वठणीवर आली. मोठ्या खाचांसाठी बाटली धुवायच्या ब्रशाचं नातवंड शोभेल असला इवलासा ब्रश. मग जीभ. ती बाहेर काढून, वाकड्या पट्टीने मागून पुढे अलगद खरवडायची. उमासा येई, डोळ्यांत पाणी येई. बायको बाहेरून विचारी, "बरे आहात ना?" आतून उत्तर येई, "रिव्हर्स घेतोय." मग न्याहारी, पोटभर. दुपारचं जेवण ठरल्या वेळी, त्या वेळेला कुणालाही गाडी नाही. जेवल्यावर पुन्हा चूळ, पुन्हा दोरा. गाडीत पाण्याची बाटली, प्रत्येक शिष्यामागे थोडं थोडं पाणी पिणं. आणि लघवीचं काय? मास्तरांनी शिकवण्याचे रस्तेच असे बदलले, की प्रत्येक फेरी स्टेशनाजवळच्या स्वच्छतागृहावरून जावी. गावातले सगळे नवे चालक त्यामुळे स्टेशनासमोर गाडी लावण्यात पटाईत झाले. रात्री कवळी घासून पाण्याच्या भांड्यात. ती तिथे बायकोकडे बघून हसत बसे. बायको तिच्यावर झाकण ठेवी.

पण वास गेला की नाही, हे कळायचं कसं? मास्तरांना स्वतःचा कळेना, बायकोला कुणाचाच कळेना, आणि गाव तर इतकं सभ्य, की विचारलं तर म्हणणार, "छे हो मास्तर, कसला वास?" या सभ्यपणानेच तर घात केला होता.

तोडगा बाईंनी काढला. "मला बोलायची भीती नाही. पण इतरांना तोंडाने बोलता येणार नाही, त्यांना काहीतरी सोपं द्या. वास आला की दोन छोटे हॉर्न."

मास्तर दचकले. "बाई, विनाकारण हॉर्न वाजवणं हा माझ्याकडे गुन्हा आहे!"

"विनाकारण कुठे? कारण असेल तेव्हाच वाजेल."

तर असं ठरलं. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मास्तर पहिल्याच दिवशी, कानाची पाळी लाल होऊ देत, हे सांगत. दोन हॉर्न वाजले की ते गाडी थांबवायला लावत, उतरून बॉनेटच्या आड जात, पाणी पीत, चूळ भरत, खिशातल्या डबीतून पट्टी काढून जीभ साफ करत आणि परत येऊन म्हणत, "हं. पहिला गिअर." जणू टायर बदलला. सुरुवातीला गावभर हॉर्न ऐकू येत. चहाच्या दुकानात लोक कान देऊन बसत.

"आज वाजला की नाही?"

"सकाळी वाजला. पण बारीकसाच. परवापेक्षा सुधारणा आहे म्हणतात."

हसणारे हसले. पण हसता हसता एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आपलं उणं स्वतःच्या हाताने हॉर्नला बांधून गावभर हिंडणारा दुसरा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. हळूहळू हॉर्न विरळ झाले आणि मग थांबले. मास्तरांना मात्र खात्री वाटेना. लोक पुन्हा सभ्य झाले असतील तर?

बाईंची लायसन्सची परीक्षा जवळ आली, तेव्हा मास्तर म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी घरापासून परीक्षेच्या मैदानापर्यंत काचा बंद करून जाऊ. मी सबंध रस्ता बोलत राहीन. हॉर्न वाजला नाही तर माझं स्कूल चालू. वाजला, तर किल्ली तुमच्याकडेच ठेवा, मी पुन्हा गाडीत बसायचा नाही. आणि परीक्षा आहे म्हणून माझी कीव करायची नाही."

"कीव मला येत नाही," बाई म्हणाल्या. "शाळेत चौकशी करा."

परीक्षेच्या दिवशी बोचरा वारा सुटला होता. काचा वर. मास्तर घरापासून बोलत सुटले ते मैदान येईपर्यंत. आरसे, वळणं, क्लच, स्वतःचं लहानपण, काही सोडलं नाही. बाईंची मान खांबासारखी सरळ आणि हॉर्न गप्प. मैदानाच्या फाटकाशी मास्तर उतरले तेव्हा त्यांचे पाय हलके झाले होते. त्यांच्या जागी परीक्षक साहेब बसले. साहेब जाडजूड, कडक, शेजारच्या इस्पितळामुळे लावलेल्या 'हॉर्न वाजवू नका' पाटीचे कट्टर भक्त. चहा आणि सिगारेट यांवर परीक्षेचा दिवस काढायची त्यांना सवय होती.

गाडी आखलेल्या पट्ट्यांमधून निघाली. पहिलं वळण सुंदर. दुसरं त्याहून. मास्तर फाटकाशी उभे राहून मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते, आणि इतक्यात:

पीं. पीं.

मास्तरांनी हिशेब मांडला. आपण गाडीत नाही तरी वास आहे, म्हणजे तो सीटच्या कापडात भिनलाय. म्हणजे बाईंनी येताना सगळा रस्ता श्वास कोंडून काढला. शेवटी त्यांनाही कीव आलीच. मास्तरांनी खिशातली डबी चाचपली आणि ठरवलं, संपलं.

गाडी थांबली. साहेब धाडकन दार लावून उतरले. "समोर कुणी नाही, बाजूला कुणी नाही, एवढी मोठी पाटी डोळ्यांसमोर, आणि विनाकारण हॉर्न! नापास!"

बाईही उतरल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या ओशाळल्यासारख्या दिसत होत्या. "मास्तर, हात आपोआप गेला हो. सवय तुम्हीच लावलीत." आणि त्यांनी डोळ्यांनीच साहेबांकडे दाखवलं.

मास्तर साहेबांजवळ गेले. साहेब "विनाकारण!" असं पुन्हा गरजले, आणि त्या घरभराच्या नाकाला एका क्षणात सगळं कळलं. आजवर मास्तर अदबीने लांब उभे राहत, साहेब मोकळ्या हवेत बोलत आणि शिष्यांच्या माना आधीच कललेल्या असत. कळणार कुणाला?

आता गप्प बसणं सोपं होतं. बाई महिनाभराने पुन्हा परीक्षा देऊ शकल्या असत्या. आणि मास्तरांचा प्रत्येक शिष्य याच साहेबांच्या हातून जायचा होता, त्यांना दुखवायचं म्हणजे खेळ नव्हे. मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "साहेब, जरा बाजूला येता?"

मैदानामागच्या नळाशी नेऊन त्यांनी सांगितलं. बाईंसारखं थेट नाही, पण आडवळणानेही नाही. आधी स्वतःचं सांगितलं, वळणापासून हॉर्नपर्यंत सगळं, मग साहेबांचं. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"सगळ्यांना येत असेल?"

"शेजारी बसणाऱ्या सगळ्यांना."

साहेबांनी नळ सोडून खळखळून चूळ भरली. "आणि त्या कललेल्या माना? मला वाटायचं, तुमची शिकवण आहे."

"मलाही तसंच वाटायचं," मास्तर म्हणाले. "मग वाटायला लागलं, सगळ्या माझ्याच पापाच्या. आता काही तुमच्याही निघतील. वाटून घेऊ."

साहेबांना हसू आलं. ते तोंडावर हात धरून हसले, तेव्हा मास्तरांनी त्यांचा हात अलगद खाली केला. साहेब परत गाडीशी आले, बाईंच्या कागदावरचा शेरा खोडला आणि करड्या आवाजात म्हणाले, "हॉर्नला कारण होतं. पास."

जाताना गाडी बाई चालवत होत्या, काचा बंद होत्या, आणि मास्तर पुन्हा आपल्या जागेवर बसून बोलत होते. फाटकाबाहेर पडताना त्यांनी विचारलं, "बाई, येताना खरंच काही नाही ना?"

"मास्तर, पुढे बघू द्या मला."

हल्ली परीक्षेच्या दिवशी मैदानामागच्या नळाशी दोन मोठी माणसं शेजारी शेजारी वाकून, जिभा बाहेर काढून उभी दिसतात. एक म्हणतो, "मागून पुढे, साहेब, जोर नको," आणि दुसऱ्याला उमासा येतो. गावातल्या नव्या माना सरळ होत चालल्या आहेत. शववाहिकावाल्याची जुनी सवय काही जात नाही, पण ती तशीच राहू दे, असं सगळ्यांचं मत पडलं. बाजाराकडचा स्कूलवाला मात्र अजून आपल्या लोकांना मान कलवायला शिकवतो. त्याला कुणीतरी खरं काय ते सांगायला हवं. मास्तर म्हणतात, सांगतो. पण आधी जवळ जाऊन, त्याच्याकडच्या माना नुसत्या नकलेच्याच आहेत ना, याची नाकाने खात्री करून.